श्रिंकेज टाकलं की सॉलिड का रुसतं?

प्रश्न एका तरुण डिझायनरचा आहे. त्याचं थोडक्यात असं झालंय: पीपी प्लास्टिकचा दोन भागांचा डबा, खालचं भांडं आणि वर स्नॅपचं झाकण. ग्राहकाने दोन्ही सॉलिड, म्हणजे भागांची थ्रीडी मॉडेलं, एकाच स्टेप फाइलमध्ये (एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायची फाइल) पाठवले. प्लास्टिक मोल्डमध्ये (साच्यात) थंड होताना आखडतं, ते श्रिंकेज; मोल्ड तेवढा मोठा करावा लागतो. मटेरियलवाल्याने आडवं आणि उभं श्रिंकेज वेगळं सांगितलं, म्हणून सॉलिडवर्क्समध्ये एक्स आणि वायला १.०१८, झेडला १.०१५ टाकलं. भांड्याला लागलं, झाकणाला फीचर लाल झालं, म्हणजे फेल गेलं. मग दोन्ही बॉडींना वेगवेगळं स्केल फीचर देऊन, केंद्र 'सेंट्रॉइड' (त्या बॉडीच्या आकारमानाचा मध्यबिंदू) ठेवून, सगळीकडे १.०१८ टाकलं. आता फीचर लागलं, पण झाकण भांड्यात घुसलेलं दिसतंय. विचारतोय की सॉफ्टवेअरमध्ये बग आहे का, आणि मोल्ड असाच पुढे न्यायचा का.

मी भोसरीत बावीस वर्षं मोल्ड डिझाइन करतोय. आधी ड्रॉइंग बोर्डवर, मग ऑटोकॅडवर, आता इतरांसारखंच सॉलिडवर. बग नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न अडकलेत: आकडा किती, तो कुठल्या बिंदूपासून लावायचा, आणि तुमच्या सॉलिडची तब्येत कशी आहे. तिघांची औषधं वेगळी आहेत. त्यात फीचर लाल झालं हे तुमचं नशीब समजा. माझ्या हातून वाया गेलेलं स्टील सगळं हिरव्या फीचरने वाया घालवलंय. लाल झालेल्या स्केलने एकदाही नाही.

झाकण भांड्यात का घुसलं, तिथून सुरुवात करू, कारण त्यात घाबरण्यासारखं सगळ्यात कमी आहे. समजा भांड्याची उंची ४० मिमी आहे आणि तळाला झेड शून्य. भांड्याचा सेंट्रॉइड झेड १८ वर आणि झाकणाचा ४६ वर. दोघांची मिळणारी पातळी ४०. भांडं स्वतःच्या सेंट्रॉइडपासून फुगलं की काठ १८ अधिक २२ गुणिले १.०१८, म्हणजे ४०.३९६ वर गेला. झाकण स्वतःच्या सेंट्रॉइडपासून खालीही फुगतं, त्यामुळे त्याची खालची पातळी ४६ उणे ६ गुणिले १.०१८, म्हणजे ३९.८९२ वर आली. दोघं एकमेकांत ०.५०४ मिमी घुसले. दोन सेंट्रॉइडमधलं अंतर २८, त्याला ०.०१८ ने गुणा, तोच आकडा येतो.

आता नीट बघा. भांड्याचा आकार चुकला का? नाही. झाकणाचा? तोही नाही. केंद्र कुठलंही घेतलं तरी बॉडीचा आकार तितकाच वाढतो, बदलते ती फक्त जागा. दोन्हींचे मोल्ड वेगळे असतील तर ट्रायलला निघणारे भाग एकमेकांत बसतीलच. स्क्रीनवर जे घुसलेलं दिसतं ते बघायची जागाच चुकलीय. फिट नेहमी मूळ, स्केल न केलेल्या मॉडेलमध्ये तपासायची. भांडं पीपी आणि झाकण दुसऱ्या मटेरियलचं असेल तर स्केल केलेले दोघं एकमेकांत बसणारच नाहीत, आणि ते बरोबरच असतं.

मग सेंट्रॉइड ठेवलं तरी चालेल का? मी ठेवत नाही, कारण सेंट्रॉइड हलतो. ग्राहक 'फक्त एक रिब (आधाराची पातळ पट्टी) वाढवा' म्हणून रिव्हिजन पाठवतो, रिबेमुळे सेंट्रॉइड २ मिमी सरकतो, आणि स्केल केलेला अख्खा भाग ०.०३६ मिमी सरकतो. स्क्रीनवर ते कोणालाच दिसत नाही. पण कॅव्हिटी (भाग घडवणारी मोल्डमधली पोकळी) जुन्या मॉडेलवर कापलेली असते आणि रिबेचा इलेक्ट्रोड (ठिणगीने स्टील कोरायचं अवजार) नव्या मॉडेलवर काढलेला असतो. पॉलिशवाला येऊन विचारतो, "साहेब, ही रेघ कुठून आली?" शिवाय स्लायडर (मोल्डचा बाजूने सरकणारा तुकडा), इजेक्टर पिना (भाग ढकलून काढणाऱ्या), गेट (प्लास्टिक आत शिरतं ती जागा) हे सगळं तुम्ही मूळ बिंदूच्या हिशेबाने बसवलेलं असतं. म्हणून केंद्र हवं तर मूळ बिंदू घ्या, किंवा भागाच्या डेटमवर (मापं जिथून धरतात त्या संदर्भावर) बसवलेली स्वतःची को-ऑर्डिनेट सिस्टिम घ्या. आणि एका फाइलमध्ये जितक्या बॉडी असतील त्या सगळ्यांना तेच केंद्र द्या.

चाकणच्या गाड्यांची कामं करणाऱ्यांसाठी इथे एक पोटप्रश्न आहे. गाडीचे भाग बऱ्याचदा गाडीच्या को-ऑर्डिनेटमध्ये येतात. मागच्या दिव्याचा बेझल मॉडेलच्या शून्यापासून ३ मीटरवर तरंगत असतो. तिथे 'मूळ बिंदू' निवडून १.०१८३ मारलं तर भाग ५५ मिमी उडून जातो. आकार तेव्हाही बरोबरच असतो, पण नंतर ग्राहकाच्या डेटाशी तो जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. अशा भागावर आधी पार्टिंग लाइनवर (मोल्डचे दोन अर्धे मिटतात त्या रेघेवर), मोल्ड उघडण्याच्या दिशेने झेड धरून एक को-ऑर्डिनेट सिस्टिम बसवायची, स्केल तिथून द्यायचं, आणि तिचे तिन्ही आकडे टूलच्या नोंदवहीत लिहून ठेवायचे. सहा महिन्यांनी करेक्शनला मोल्ड परत आला की ती ओळ सापडते आणि दिवस वाचतो.

आता आकडा. मटेरियलवाल्याने १.८ टक्के सांगितलं की तुम्ही १.०१८ टाकता. सगळेच टाकतात. पण श्रिंकेजची व्याख्या मोल्डच्या मापावर आहे: मोल्डच्या मापातून भागाचं माप वजा करा, आलेल्याला मोल्डच्या मापाने भागा. उलटं काढलं तर गुणक होतो १ भागिले (१ उणे ०.०१८), म्हणजे १.०१८३३. फरक किती? १०० मिमीला ०.०३३. एबीएस या कमी आखडणाऱ्या प्लास्टिकला, ०.५ टक्क्यावर, तो १०० मिमीला ०.००२५ इतकाच, म्हणून एबीएसवर वाढलेले लोक म्हणतात काही फरक पडत नाही. पीपी, पॉम, एचडीपीई या जास्त आखडणाऱ्या प्लास्टिकना पडतो. क्रिओ हा दुसरा डिझाइन प्रोग्राम तर श्रिंकेज टाकताना दोन्हींपैकी कुठलं सूत्र वापरायचं हेच विचारतो, आणि आमच्याकडची अर्धी मुलं तो प्रश्न न वाचता पुढे जातात. तिथेच आणखी एक फसगत आहे. क्रिओला तुम्ही ०.०१८ देता, सॉलिडवर्क्सला १.०१८. एकाची सवय दुसरीकडे नेली की भाग मुंगीएवढा तरी होतो, नाहीतर १.८ टाकून जवळजवळ दुप्पट तरी. ही चूक निदान डोळ्याला दिसते. ०.९८२ टाकून भाग मोठ्याऐवजी लहान केला तर ते दिसत नाही.

मुळात १.८ हा आकडा तरी खरा का? ते परिस्थितीवर आहे. पीपीच्या डेटाशीटमध्ये साधारण १ ते २.५ टक्के असा पट्टा असतो. एबीएसचा ०.४ ते ०.७, पॉमचा २ च्या आसपास. पीपी अर्धस्फटिकी आहे, थंड व्हायला वेळ मिळाला की जास्त आखडतं. भिंत जाड, मोल्ड गरम, होल्डिंग प्रेशर (प्लास्टिक भरल्यावर धरून ठेवलेला दाब) कमी, गेट लवकर गोठला, की श्रिंकेज वाढलंच. म्हणून मी डेटाशीटपेक्षा जुना मोल्ड मानतो. त्याच ग्राहकाचा, त्याच ग्रेडचा, साधारण त्याच जाडीचा चालू मोल्ड मिळाला तर कॅव्हिटी मोजा, त्यातून निघालेला भाग निदान २४ तास ठेवून मोजा, आणि ते श्रिंकेज वापरा. तसा मोल्ड नसेल तर ग्राहकाकडून आकडा लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं १.८ ट्रायलनंतर १.५ होतं, हा अनुभव प्रत्येक टूलरूमला आहे. आणि अडणाऱ्या मापांवर स्टील सेफ राहा: कॅव्हिटी किंचित लहान, कोअर (भागाची आतली बाजू घडवणारा तुकडा) किंचित मोठा. कापून कमी करता येतं. वाढवायचं तर वेल्डिंग मारावं लागतं, आणि वेल्डिंगचा डाग टेक्स्चरमधून उठतो.

आता तुमचं झेडचं १.०१५. हे वेगळं स्केल मला तुमच्या डब्यात नकोच आहे. ४० मिमी उंचीत दोन्हींतला फरक ०.१२ मिमी. पीपीत होल्डिंग प्रेशर थोडं हलवलं तरी एवढं इकडेतिकडे होतं. पण तेवढ्यासाठी मॉडेलचं काय होतं बघा. सगळीकडे एकच गुणक लावला तर सिलिंडर सिलिंडरच राहतो, गोल गोलच राहतो, फिलेटची (गोलावलेल्या कडेची) त्रिज्या तेवढ्याच प्रमाणात वाढते, ड्राफ्टचा (भाग सुटावा म्हणून भिंतीला दिलेल्या उताराचा) कोन तसाच राहतो. झेडला वेगळा लावला की बाजूच्या भिंतीतलं ५० चं भोक ५०.९० बाय ५०.७५ चं लंबवर्तुळ होतं. सॉफ्टवेअरला तो सिलिंडर स्प्लाइन सरफेसमध्ये (मोकळ्या वक्र पृष्ठात) बदलावा लागतो. फिलेट स्थिर त्रिज्येचे राहत नाहीत. नंतर कॅमवाला (मशीनचा प्रोग्राम काढणारा) भोक निवडायला जातो तर त्याला भोक सापडतच नाही, कारण प्रोग्रामच्या लेखी ते भोक उरलेलंच नसतं. आणि झाकणासारखा बारीक फिलेट एकमेकांत मिसळलेला भाग असेल तर या बदलात कुठेतरी दोन कडा एकमेकींना सोडतात आणि फीचर लाल होतं. तुमचं झाकण माझ्या मते इथेच अडलं.

तिन्ही दिशांना वेगळं स्केल मी क्वचित देतो. ३० टक्के काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची लांब पट्टी, गेट एका टोकाला, काचतंतू बऱ्यापैकी एकाच दिशेने लोळलेले, तिथे लांबीला साधारण ०.३ ते ०.५ आणि रुंदीला त्याच्या दुप्पट-तिप्पट असा फरक खरोखर येतो. पण त्याच मटेरियलची मधे गेट असलेली तबकडी घेतली तर तंतू चारी बाजूंना पांगतात. तिथे एक्स आणि वायला कुठला आकडा देणार? तुमच्या पीपीत काच नाही. एकच गुणक द्या, उंचीचं ०.१२ काठाच्या एका फेसवर जास्त स्टील ठेवून सांभाळा, ट्रायलनंतर ग्राइंडिंगला काढता येईल अशा बाजूला.

एकच गुणक देऊनही फेल झालं तर मात्र सॉलिड आजारी आहे. स्टेपमधून आलेलं सॉलिड वरून धडधाकट दिसतं, पण ते दुसऱ्याच्या घरातून आलेलं असतं. कॅटिआ या प्रोग्राममध्ये दोन कडा ०.००१ मिमीच्या आत असल्या तर त्या एकच मानल्या जातात. सॉलिडवर्क्स आणि एनएक्स हे प्रोग्राम ज्या पॅरासॉलिड नावाच्या भूमितीच्या इंजिनावर चालतात त्याची अचूकता ०.००००१ मिमी, म्हणजे शंभरपट बारीक. तिकडे शिवलेली शिवण इकडे उसवलेली दिसते. इंपोर्ट करताना प्रोग्राम तिला सैल टाका घालून चालवून घेतो, आणि तुम्ही स्केल, शेल किंवा कोअर-कॅव्हिटी करायला गेलात की तो टाका सुटतो.

माझी पद्धत अशी. आधी इंपोर्ट डायग्नोस्टिक चालवतो आणि ते काय दुरुस्त करतं ते करू देतो. मग चेक कमांड लावून सगळ्यात लहान कड किती लांब आहे ते बघतो. ०.०१ मिमीच्या आतली कड दिसली की संशयित सापडला. तरीही कळलं नाही तर बॉडी मधोमध प्लेनने दोन तुकडे करतो आणि दोघांना वेगवेगळं स्केल मारतो. फेल होतो तो तुकडा पुन्हा अर्धा करायचा. पाच-सहा वेळा कापलं की दोष नखाएवढ्या जागेत सापडतो. नव्वद टक्के वेळा तिथे लोगोचं अक्षर असतं, किंवा तीन फिलेट एका कोपऱ्यात भेटून तयार झालेला केसासारखा फेस. तेवढेच फेस डिलीट करून पॅच भरायचा, स्केल द्यायचं, आणि फिलेट नंतर वाढीव त्रिज्येने टाकायचे, ०.५ चा ०.५०९. लोगो तर मी आधीच काढून ठेवतो. तसाही तो वेगळ्या इन्सर्टवर जाणार असतो. ग्राहकाला फोन करून पॅरासॉलिड फाइल मागणं हा आणखी सोपा उपाय, पण तो माणूस ऑफिसात असेल तर.

स्केल लागल्यावर काही गोष्टी स्केलच्या बाहेर राहायला हव्यात, आणि इथे माझीच फजिती सांगतो. नायलॉनचा एक नॉब होता, आत एम४ आट्यांचा पितळी इन्सर्ट (प्लास्टिकमध्ये पक्का बसणारा धातूचा तुकडा). इन्सर्ट ज्या पिनेवर बसतो ती ३.२२ मिमीची पिन मी भागाच्या मॉडेलमध्येच काढली होती. स्केल सगळ्यावर पडलं, पिन ३.२७ झाली. एम४ च्या आतल्या आट्यांचा लहान व्यास ३.२४२ ते ३.४२२ मध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे ट्रायलला काही इन्सर्ट छान सरकत होते आणि काही पिनेवर अडकून बसत होते. ऑपरेटर म्हणे इन्सर्ट खराब, इन्सर्टवाला म्हणे मोल्ड खराब. दोन दिवस भांडण चाललं आणि शेवटी मायक्रोमीटरने मला चूक दाखवली. पितळ आखडत नाही. इन्सर्टची जागा स्केलमध्ये हवी, पण त्याचं माप नको. म्हणून इन्सर्ट, स्टँडर्ड पिना, बुश, ओ-रिंगच्या खाचा, मोल्डच्या स्टीलशी नातं असलेलं सगळं स्केल फीचरच्या नंतर, खऱ्या मापाने काढायचं.

प्लास्टिकचे आटे आणि दात मात्र स्केलमध्येच हवेत. बाटलीच्या बुचाचा पिच प्लास्टिकबरोबर आखडतो, तेव्हा मोल्डमध्ये तो वाढीवच असायला हवा. पॉमच्या १ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप) गिअरची कॅव्हिटी १.०२ मॉड्यूलची होते, प्रेशर अँगल, म्हणजे दाताच्या बाजूचा कोन, २० अंशच राहतो. ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी कोल्हापूरच्या फाउंड्रीत पॅटर्न बनवणाऱ्यांकडची कॉन्ट्रॅक्शन पट्टी एकदा हातात घेऊन बघावी. पट्टीवरचा इंच हा इंचापेक्षा मोठा असतो, आणि मिस्त्री ड्रॉइंगवरचंच माप वाचून लाकूड कापतो. आपलं स्केल फीचर म्हणजे तीच पट्टी.

स्पार्क गॅपलाही (इलेक्ट्रोड आणि स्टीलमध्ये ठिणगीसाठी सोडायच्या अंतरालाही) काही जण स्केल मारतात, ते कधीच करू नका. गॅप म्हणजे सगळीकडून सारखा ऑफसेट, समजा बाजूला ०.१. तो स्केलने दिला तर ५० मिमीच्या बाजूला आणि ५ मिमीच्या रिबेला दहापट वेगळा गॅप मिळतो.

दुहेरी स्केलबद्दलही सांगतो, कारण तुमची फाइल आधी दुसऱ्या टूलरूममध्ये फिरून आली असेल तर हे तपासावंच लागेल. एकदा एका ग्राहकाने पाठवलेला डेटा आधीच्या टूलवाल्याने श्रिंकेज देऊन ठेवलेला होता. मी पुन्हा दिलं. १५० मिमीचा भाग १५२.७ ऐवजी १५५.४५ झाला. कॅव्हिटी व्हीएमसी मशीनवर कापायला चढायच्या आदल्या संध्याकाळी सापडलं, तेही ग्राहकाच्या टूडी ड्रॉइंगवरचं एक माप सहज ताडून बघितलं म्हणून. तेव्हापासून फाइल आली की पहिल्यांदा ड्रॉइंगवरची तीन मापं मॉडेलवर मोजतो. १५० च्या जागी १५२.७ दिसलं की फोन उचलायचा.

स्केलनंतर आकारमान तपासायला सोपी युक्ती आहे. आकारमान गुणकाच्या घनाने वाढतं. १.०१८३३ चा घन १.०५६, म्हणजे मास प्रॉपर्टीजमध्ये आकारमान ५.६ टक्के वाढलेलं दिसलं पाहिजे. ११.५ टक्के दिसलं तर स्केल दोनदा पडलंय. स्केलच्या आधीचे आणि नंतरचे फेस मोजा, संख्या तीच हवी. एक लांब माप, एक बारीक माप आणि एक ड्राफ्टचा कोन तपासा, कोन हलता कामा नये. आणि हे लक्षात ठेवा की सॉलिडवर्क्समध्ये स्केल आकाराला लागतं, स्केचमधल्या आकड्यांना नाही. स्केचमध्ये ५० लिहिलेलं असेल आणि मेजर केल्यावर ५०.९२ येईल. शॉपवर आकडा देताना मेजर केलेला द्यायचा.

तुमच्या डब्यासाठी मी आत्ता काय केलं असतं: ग्राहकाची फाइल हात न लावता ठेवली असती. भांड्याची आणि झाकणाची वेगळी पार्ट फाइल, मूळ फाइलशी लिंक ठेवून, आणि स्केल या नव्या फाइलमध्ये पहिलंच फीचर, म्हणजे उद्या रिव्हिजन आली तर ती लिंकमधून आपोआप वाहत येईल. केंद्र दोन्हीकडे मूळ बिंदू, गुणक एकच. झाकण तरीही लाल झालं तर स्नॅपच्या बुडाशी असलेले फिलेट आधी काढून बघा. बॉडी दोनदा अर्धी केल्यावर कुठला तुकडा फेल होतो ते इथे लिहा आणि त्या कोपऱ्याचा स्क्रीनशॉट टाका. गेट कुठे आहे आणि भिंत किती जाड आहे तेही सांगा, तुमचं १.८ मला जरा जास्तच वाटतंय की नाही ते त्यावरून ठरेल.